सतरा नंबरचा बिल्ला

माझा थोरला भाऊ वाहरू तापीच्या पुरात गेला ते वर्ष १९३४ असावं. सालाबद्दल मला खात्री नाही. तिथीबद्दल आहे, कारण ऋषिपंचमीचा दुसरा दिवस होता.

आम्ही भोई. प्रकाशा गावाच्या वरच्या अंगाला, तापीच्या काठी आमचं गाव. गावच्या तरीवरची नाव आमच्याच घराण्याकडे, आणि जाळं तर आजोबांच्या आधीपासून. वाहरू नाव चालवायचा. मला पोहणं कधी जमलं नाही आणि मी फेकलेलं जाळं माझ्याच पायांवर पडायचं, म्हणून आबांनी मला शाळेत घातलं. आबा म्हणजे आमचे वडील, भिला भोई. पुढे मी म्हसावदच्या शाळेत मास्तर झालो. आबा मला नावाने हाक मारीत नसत, मास्तर म्हणत. त्यात थोडी थट्टा असे. अभिमानही असेल. मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी वाहरूने पलीकडून बाया आणल्या, सगळ्यांना उतरवलं, आणि नावेचा दोर सुटला. रिकामी नाव धारेला लागली तसा तो तिच्यामागे उडी टाकून गेला. नाव दोन कोसांवर बाभळींत अडकलेली सापडली. वाहरू सापडला नाही.

मी रजा घेऊन घरी आलो तेव्हा पंधरा दिवस होऊन गेले होते. आबा खाटेवर पडून होते आणि त्यांनी अन्न जवळजवळ सोडलं होतं. तापीबाई, माझी वहिनी, वाटीभर पेज त्यांच्या तोंडाशी धरायची. दोन घोट गेले तर गेले.

बुडालेला माणूस सापडला नाही तर आमच्यात पितरांच्या अमावास्येपर्यंत वाट बघतात. तोवर त्या घरचं जाळं पाण्यात जात नाही. अमावास्येला पळसाच्या पानांचा पुतळा करून तो माणूस म्हणून जाळतात, मग सुतक धरतात. अमावास्येला पाच दिवस राहिले तेव्हा आमच्या जातीचा पंच बन्सीलाल सांगायला आला.

"मामा, पाला गोया कराले पोरं धाडू का?"

आबांनी मान वळवली नाही. "कोना पुतया करी ऱ्हायना तू?"

"मामा, आते काय सांगू तुमले..."

"वाहरू जित्ता शे. सुरतकडे कोठे तरी लागना व्हई. माले खडशी आनी द्या."

खडशी म्हणजे मोठ्या सोनेरी खवल्यांचा मासा. इंग्रजी पुस्तकांत त्याला महसीर म्हणतात. वाहरूला तो फार आवडायचा.

"जायं तं टाकता येत नही, मामा. तुमलेच ठावकं शे."

"मरेलना घरनं जायं टाकता येत नही. मन्हा घरमा कोन मरेल शे?" आबा उठून बसले. बऱ्याच दिवसांनी बसले असावेत, कारण वहिनी दचकून पुढे आली. "आयक, बन्सी. मन्ही जलमभर या नदीनी चाकरी करी. अमावसलोंग तिनी माले एक खडशी दिधी, तं मन्हा पोऱ्या जित्ता शे. मी जेवसू आन वाट देखसू. नही दिधी, तं जाया पुतया."

बन्सीलाल माझ्याकडे बघू लागला. मी जमिनीकडे बघत विचारलं, "गळ चालस का?"

"गळले कोनी ना नही. पन या गढूय पानीमा खडशी गळले लागी?" तो हसला. "मास्तर, मासाले पुस्तक वाची दाखाडशी का?"

पुस्तक खरंच होतं. धुळ्याला ट्रेनिंगला असताना रद्दीवाल्याकडे मला मासेमारीवरचं एक फाटकं इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. भोयाचा मुलगा असून मासे धरता येत नाहीत, म्हणून मी ते वाचत असे. असले इलाज मी आयुष्यभर केले आहेत. त्यात आमिषाशिवाय मासा धरण्याची रीत होती. चकाकत्या पितळेचा पळीसारखा खोलगट तुकडा घ्यायचा, त्याच्या मागे गळ बांधायचा, आणि काठावरून लांब फेकून ओढत आणायचा. तो पाण्यात डुलत येतो, आणि मोठ्या माशाला वाटतं की जखमी मासोळी चालली आहे.

मी बांबूची काठी घेतली. जाळ्याची सणाची, म्हणजे तागाची, दोरी पतंगाच्या चक्रीवर गुंडाळली. तीन गळ पाठीला पाठ लावून बांधले. दोरीला पीळ पडू नये म्हणून मध्ये एक फिरती कडी लावावी, असं पुस्तकात होतं. तशी कडी गावात कुठली मिळणार? तिच्यावाचून चालेल, असं मी ठरवलं. पळी मी रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून केली.

पहिल्या दिवशी नदी तांबडी होती. झाडांचे ओंडके वाहत होते आणि वारा समोरून येत होता. माझा पत्रा इतका हलका की वाऱ्याने तो दर वेळी माझ्यापाशीच आणून टाकला. घाटावर धुणं धुणाऱ्या बायांनी आपली बोचकी उचलून पलीकडे नेली. एक जण म्हणाली, "चला व माय, मास्तरना गळले आपलीच लुगडी लागतीन."

संध्याकाळी आबांनी विचारलं, "पानीना रंग कसा शे?"

"तांबडा."

"वारा?"

"सूर्य बुडस तिकडनं."

"मंग काय फेकी ऱ्हायना तू, पान का पीस?"

मी पत्रा दाखवला. त्यांनी तो बोटांनी चाचपला आणि खाटेखाली टाकला. "जड पाहिजे. पितय पाहिजे."

आमच्या घरी पितळेची एकच वस्तू होती. तरीवर नाव चालवणाऱ्याला लोकल बोर्डाचा बिल्ला मिळतो, तो वाहरूचा. दंडावर पट्ट्याने बांधायचा, अंड्याएवढा, आणि त्यावर १७ आकडा ठोकलेला. पुराच्या दिवशी सकाळी पट्ट्याची शिवण उसवली होती. वहिनी म्हणाली होती, ठेवी जा, मी शिवी देस. तो ठेवून गेला. पट्टा शिवून तिने बिल्ल्यासकट फडक्यात गुंडाळून देवाच्या कोनाड्यात ठेवला होता, खंडोबाच्या टाकामागे.

मला तो मागता आला असता. चार शब्द बोलायचे होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा ती कपाळाला कुंकू लावत होती. दररोज सकाळी लावायची, आणि आबा खाटेवरून बघत बसायचे ती लावते की नाही ते. मी ती बाहेर जाईपर्यंत आणि आबांचा डोळा लागेपर्यंत थांबलो. बिल्ला काढून घेतला, पट्टा तसाच फडक्यात गुंडाळून ठेवला. माझ्या मनात होतं, दोन बारीक भोकं पडतील, थोडा बाक येईल, मासा मिळाला की ठोकून सरळ करू आणि जागच्या जागी ठेवू. मासा मिळाल्यावर दोन भोकांचं कोणाला काय?

दगडावर ठेवून मी तो ठोकला. खिळ्याने वर एक भोक पाडलं, खाली एक. खालचं सातच्या शेपटीतून गेलं. चिंच लावून घासला तेव्हा तो उन्हात इतका चमकला की मी मुठीत झाकला.

त्या दिवशी पाणी हातभर उतरलं होतं. पितळ लांब गेलं, बुडालं, आणि ओढताना काठीच्या टोकाशी त्याचं डुलणं कळू लागलं. माझ्या हाताला असं काही कधी कळलं नव्हतं. मासा लागला नाही. तरी मी जवळजवळ धावत घरी आलो.

"रंग?" आबांनी विचारलं.

"चहासारखा."

"दूधना का कोरा?"

"कोरा."

"मंग उतरी ऱ्हायनं. बगळा बसना व्हता का?"

"मी देखा नही."

"तुन्हा पुस्तकमा बगळा नही शे का?" आबा हसले. वहिनीने लगेच वाटी पुढे केली आणि त्यांनी बोलता बोलता निम्मी पेज घेतली. मग मला जवळ बसवून घेतलं. "आयक. आपला नाला नदीले मियस तठे जाय. नालानं पानी नितय, नदीनं गढूय. दोन्ही मियतस तठे रेघ पडस. खडशी गढूयमा हुबी ऱ्हास, तोंड नितय आंगे. मासोया बाहेर निंघन्यात का झडप घालस. रेघवर फेक. रेघना वरथीन आन, घाई करू नको."

मग त्यांनी हात पुढे केला. "दाखाड, पितय कोठून लयना?"

"दोरीले बांधेल शे, बाहेर ठेवं. म्हसावदहून लयनू."

तीस वर्षांत आबा माझ्याशी नदीविषयी पहिल्यांदा बोलत होते. असलं सगळं ते वाहरूशी बोलत. मी त्यांना जेवू घालण्यासाठी नदीवर जात होतो, असं मी तेव्हाही म्हणत असे आणि अजून म्हणतो. पण त्या संध्याकाळी मला वाहरूची आठवण आली नाही, हेही खरं आहे.

तिसऱ्या दिवशी वर कुठेतरी, बऱ्हाणपूरकडे, पाऊस झाला असावा. इथे ऊन होतं आणि पाणी मात्र माझ्या डोळ्यांदेखत चढत गेलं. दुपारपर्यंत नाल्याच्या तोंडात नदी घुसली. रेघ मागे सरकत सरकत नाल्यातच नाहीशी झाली. चौथ्या दिवशी तेच. मी फेकत राहिलो. एकदा पितळ बुडालेल्या झुडपात अडकलं. छातीभर पाण्यात उतरून, एका हाताने फांदी धरून मी ते सोडवलं. पोहता न येणाऱ्याने असं करू नये.

आबांनी त्या दोन दिवसांत पुन्हा काही घेतलं नाही. रंग विचारायचे, मी तांबडा म्हणालो की डोळे मिटायचे.

चौथ्या दिवशी संध्याकाळी वहिनी ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसली. आबा झोपले होते. तिच्या हातांत हिरव्या बांगड्या होत्या, आणि ती त्या मनगटावर मागेपुढे करत होती.

"भाऊ, सकाय अमावस."

"हा."

"आबाले मासा भेटो, अशी मी देवले मांगस. आन मंग वाटस, नको भेटो. भेटना तं मी कव्हयलोंग कुंकू लायी बसू? पानीवर जास तं बाया गप बसतस. मी त्यासले ना बाईलमा, ना रांडमा." तिने आत आबांच्या खाटेकडे पाहिलं. "माले ठावकं शे, तुमना भाऊ आते नही शेतस. त्या दिनले नाव गयी तव्हयच समजनं. माले त्यासले एकदाव आग देवानी शे. अंगनं काही ठेवनं पडस ना पुतयावर, तो बिल्ला ठेवसू. त्यान्हाबिगर नुसता पाला."

ही गोष्ट मला माहीत नव्हती. पुतळ्याचं माहीत होतं, त्यावर अंगाची वस्तू ठेवतात हे नव्हतं. भोयाच्या घरात वाढलेल्या माणसाला हे माहीत नसावं, यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. पण असे विधी व्हायचे तेव्हा मी कुठेतरी कोपऱ्यात वाचत बसलेला असे.

बिल्ला त्या वेळी माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. गळ काढून ठेवलेले होते. हात घालून तिच्यापुढे धरला असता तर काय झालं असतं? ती रडली असती, कदाचित ओरडली असती. सकाळी भोकं पडलेला का होईना, बिल्ला पुतळ्यावर गेला असता. मी एवढंच म्हणालो, "हा, वहिनी."

मी मनाशी असा हिशेब मांडला की उद्या सकाळी मासा मिळाला तर पुतळाच होणार नाही, आणि पुतळा नाही तर बिल्ल्याची चौकशी नाही. वहिनीने आत्ताच काय सांगितलं ते मला ऐकू आलं नव्हतं असं नाही.

अमावास्येला उजाडताच मी नाल्याच्या तोंडाशी गेलो. पाणी उतरलं होतं. वारा अजिबात नव्हता. नाल्याचं पाणी काचेसारखं बाहेर येत होतं, आणि नदीत पंधरा-वीस हातांवर रेघ पडली होती, सुतळी ओढल्यासारखी. पलीकडच्या खडकावर बगळा बसला होता. आबांना सांगायला बगळा मिळाला, हा माझा पहिला विचार.

सात-आठ वेळा फेकलं. दोरीला इतका पीळ पडला होता की ती चक्रीवर नीट बसेना. मी तिच्या गाठी सोडवून पुन्हा फेकलं. पितळ रेघेपलीकडे पडलं, गढुळातून नितळात आलं, मला ते चमकताना दिसलं, आणि त्याच्यामागे पाणी फुगलं.

काठी हातातून जायलाच निघाली. चक्री फिरू लागली, तिची मूठ माझ्या बोटांवर आपटली आणि रक्त आलं. मासा धारेच्या मध्यावर गेला, तिथे एकदा वर आला. पूर्ण अंग नाही, फक्त पाठ आणि शेपूट. माझ्या हाताएवढी शेपूट, सोन्यासारखी. मी ओरडलो. काय ओरडलो ते माहीत नाही. आबा म्हणालो असेन.

पुस्तकात होतं की त्याला पळू द्यावं. मी पळू दिलं. तो थकून वळला, माझ्याकडे येऊ लागला, मी दोरी गुंडाळू लागलो. मग तो बगळ्याच्या खडकाला वळसा घालून गेला. दोरी खडकाला घासली. जिथे पीळ सगळ्यात जास्त होता, तिथे तुटली.

दोरीचा सैल तुकडा पाण्यावरून माझ्याकडे आला. बगळा उडाला नव्हता. मी तिथे किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही. मग मी कमरेपर्यंत पाण्यात गेलो आणि पायाखालची वाळू सरकू लागली तसा परत आलो.

घरी बन्सीलाल आणि चार भाऊबंद पळसाची पानं घेऊन अंगणात बसले होते. आबा खाटेवर बसून दाराकडे बघत होते. माझे कपडे ओले, बोटं रक्ताळलेली. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं.

"नही उना?"

"नही."

"नुसता लागना बी नही? एक धक्का बी?"

हा प्रश्न त्यांनी मला फार हळू विचारला. त्यांना मासा नकोच होता, धक्का पुरेसा होता. लागला होता, सुटला, एवढं मी म्हणालो असतो तर ते जेवले असते, आणि पुतळा होऊ दिला नसता. पण मग त्यांनी सगळं विचारलं असतं. कुठे लागला, कसा गेला, दोरी कुठे तुटली, गळावर काय होतं. वहिनी दारात उभी होती.

"नही, आबा. काहीच नही."

ते आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड केलं. "करा मंग," म्हणाले.

पुतळा झाला. वहिनीने कोनाड्यातून फडकं आणलं आणि सोडलं. आत नुसता पट्टा. तिने फडकं झटकलं, मग कोनाड्यात जाऊन टाक हलवून पाहिला. बन्सीलाल म्हणाला, "उंदीर ओढी लयी गया व्हई, व माय. पुरमा उंदरं बठ्ठा बिळमाथीन वर उनात." उंदीर पितळ नेतो आणि चामडं ठेवतो का? मी भिंतीच्या विटांकडे बघत होतो. वहिनीने पट्टा पानांवर ठेवला, त्याची नवी शिवण वर करून.

नदीवर पुतळा जळाला. बायांनी वहिनीच्या बांगड्या फोडल्या.

आबांनी त्यानंतर तोंडात काही घेतलं नाही. सुतकाच्या नवव्या दिवशी सकाळी ते गेले. त्या नऊ दिवसांत त्यांनी मला पाण्याचा रंग विचारला नाही. एकदा मी आपण होऊन सांगितलं, "आबा, पानी नितय व्हयनं." त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

मी म्हसावदला परत गेलो. वहिनी त्याच घरात राहिली. सुतक फिटल्यावर तिने जाळं खुंटीवरून काढलं आणि बन्सीलालच्या बायकोबरोबर उथळ पाण्यात टाकायला शिकली.

वैशाखात शाळेला सुट्टी लागली तेव्हा मी गेलो. नदी अगदी आटली होती. बगळ्याचा खडक कोरड्यात उघडा पडला होता, लोक त्यावर जाळी वाळवत होते. मी ओसरीवर वाचत बसलो होतो. वहिनी नदीवरून आली, ओलं जाळं टाकलं, आणि ओच्यातून काढून एक वस्तू माझ्या उघड्या पुस्तकावर ठेवली.

बिल्ला काळा पडला होता. दोन गळ तुटलेले, तिसरा गंजलेला, त्याला हातभर सणाची दोरी. सातच्या शेपटीतलं भोक ओढून लांब झालेलं.

"खडकनी फटीमा व्हता," ती म्हणाली.

तिने वाकून त्या वाकलेल्या गळाला बोट लावलं. भोयाच्या घरची सून होती, तिला कळणारच.

"मासा लागना व्हता?"

"हा."

"मोठा?"

"खडशी."

ती खाली बसली. जाळ्यातला पाला काढू लागली.

"आबानी इचारं व्हतं. धक्का बी लागना नही का, असं. मी दारमा व्हती."

"वहिनी, मी जर सांगतू, तं आबा पुतया करू देता नही. तुमनं कुंकू..." एवढ्या महिन्यांत हे उत्तर मी तयार करून ठेवलं होतं. रोज थोडं थोडं, शाळेच्या वाटेवर.

"मन्हं नाव लेऊ नका, भाऊ."

तिने हे रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"बिल्ला मांगता तं मी देती," ती म्हणाली. "आबासाठे व्हता. मी काब्र देती नही?"

मी बिल्ला उचलून तिच्यापुढे धरला. तिने हात जाळ्यातून काढले नाहीत.

"आते त्यान्हं काय करू? जयी गयं बठ्ठं. तुमनाकडेच ऱ्हाऊ द्या."

ती उठली आणि जाळं वाळत घालायला मागच्या अंगणात गेली. मी पुस्तकावरचं ओलं पुसलं. त्या पानावर पाण्याचा डाग पडला आहे, तो अजून आहे. बिल्लाही आहे, ट्रंकेत, कपड्यांखाली. मी त्याला पुन्हा चिंच लावली नाही.